घरगुती धूर

कडाव गावात आमच्या शेताला लागून एका मुंबईकराचं फार्महाऊस आहे. एका उन्हाळ्यात त्याच्या आंब्यांपर्यंत वणवा पोचला, तेव्हापासून त्याने राखण माणसाकडून काढून एआयकडे दिली. कॅमेऱ्यांना धूर दिसला की कुंपणावरची रेनगन आपोआप सुरू होते आणि पाण्याचा फवारा आमच्या शेतातही येतो.

मे महिन्यात आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं करायच्या जागी झाडाच्या तोडलेल्या फांद्यांचा टाहाळ, पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं, म्हणजे रोपं जोमाने येतात. बाबांनी काडी ओढली आणि रेनगनने राब विझवला. वाळवून पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. पुढे तर बाबा नुसते बांधावर दिसले तरी पाणी सुरू व्हायचं. पाऊस तोंडावर आला होता. राब भाजला नाही तर पेरायचं कुठे, या काळजीने बाबांचं जेवणावरून मन उडालं.

मी खालापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून ही यंत्रणा बंद पाडणं घरच्यांच्या मते माझं काम. मी मालकाला गाठलं. त्याने मोबाईलवरून ती बंद करायला घेतली. तिने त्याला कळवलं की धोकादायक इसम परिसरात आहे, सबब बंद होता येणार नाही. वीज तोडावी तर सोलर, आणि फाटकाचं कुलूपही तिच्याच ताब्यात. यंत्रणा बसवणारे म्हणाले, ती आपली आपण शिकते, आम्हीसुद्धा मध्ये पडत नाही. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

आंघोळीच्या पाण्याची आमची चूल परसात, कुंपणाजवळच आहे. रोज आईच ती पेटवते; आताही तिथे बसून ती सगळं ऐकत होती. तिने बाबांना घरात बसवलं, चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि राब पेटवून आली. धूर आंब्यांच्या वर गेला. रेनगन हलली नाही.

मालकाच्या मोबाईलवर नोंद आली होती, ती त्याने मला वाचून दाखवली: नेहमीची बाई, घरगुती धूर, दुर्लक्ष करावे.

मी आईला ते सांगितलं. ती हसली नाही.

"त्यात नवीन काय हाय गं? राबाचे सगळे भारे मीच वायले. तुज्या बाबांना इचार, त्यांना तरी मी कदी दिसले का."

बाबा दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेणाची पाटी उचलायला गोठ्यात गेली, तर पाटी जागेवर नव्हती. बाबा ती डोक्यावर घेऊन उकिरड्याकडे निघाले होते. ते बांधावर पोचले आणि रेनगन सुरू झाली. बाबांनी पाटी खाली ठेवली नाही. तसेच भिजत पुढे गेले.