देण्याआधीचा वास

आज सकाळी लेकीने यंदाचा पहिला पिकलेला हापूस माझ्या हातावर ठेवला. देठाशी नाक नेलं आणि मी मनाने थेट पावस गावातल्या आमच्या जुन्या, आंबे पिकवायच्या आढीच्या खोलीत पोचलो.

तरुणपणी आम्ही हौशी नाटकवाली मंडळी तिथे एका जुन्या शोकांतिकेची तालीम करत होतो. "राज्य दाखवायला एकच वस्तू हवी," दिग्दर्शक अण्णा म्हणाले. "ती हातातून गेली की राजा भिकारी दिसला पाहिजे." पुठ्ठ्याचा मुकुट जत्रेतला वाटला, पत्र्याची तलवार वाकली. शेवटी मी आढीतला एक आंबा काढून दिला.

तालमीत राजाने आंबा शत्रूच्या हाती ठेवून प्राण सोडला. शत्रूचं काम करणारा मात्र पक्का बागायतदार. त्याने सवयीने आधी देठ हुंगला आणि पसंतीची मान डोलावली. जमिनीवर पडलेला राजासुद्धा पोट धरून हसायला लागला.

"मेल्या, राज्य घेतोयस की आंब्याची पेटी?" अण्णा कडाडले. मग त्यांनी स्वतःच आंबा हुंगला आणि हळूच म्हणाले, "हाच ठेवू. पण हुंगायचा तो राजाने. देण्याआधी, एकदाच."

प्रयोगात राजाने आंबा एकदाच हुंगला आणि मगच शत्रूच्या हाती ठेवला.

बाग आता लेकच बघते. मी आंबा पुन्हा एकदा हुंगला आणि तिच्या हातात दिला. तिनेही लगेच देठाशी नाक नेलं, आणि मला हसू आवरेना.