शिंप्याने न कापलेला पट्टा

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे रिव्हेटबाई म्हणायचे. हे नाव तिने आपल्याच हाताने ओढवून घेतलं होतं, ते कसं ते ऐका.

नोकरीचा पहिला महिना होता. एक चूक झाली की घरचा रस्ता धरायचा, असं मालकांनी बजावलेलं. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, त्यामुळे बाई जीव मुठीत धरून काम करायची. काम एवढंच, पायांना चामड्याचे पट्टे बसवायचे. पण दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठ्या इंग्रजीत असायच्या. शाळेत तिने अटॅच, फिक्स, फासन या तिन्ही शब्दांपुढे 'जोडणे' असं घोकलं होतं, आणि त्याला पैकीच्या पैकी मार्कही मिळाले होते. मग शंका यावी तरी कशाला?

एक शिंपी आला. गुडघ्याखालचा पाय, आयुष्यातला पहिलाच. मांडीवरचा पट्टा फासन करा, असं चिठ्ठीत होतं. बाईने त्याला पाय घालायला लावला, पट्टा मांडीभोवती घट्ट ओढला आणि टोकावर टोक ठेवून पक्कडीने तीन रिव्हेट, म्हणजे धातूचे खिळे, दाबून टाकले. हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही, असं वर ऐकवलंही! शिंपी बिचारा नवखा, तो खुशीत घरी गेला. बाईला काम शिकवणारे मिस्तरी त्या दिवशी रजेवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी आणि बाई बरोबरच पोचले, तर शिंपी पायरीवर बसलेला. पाय मांडीला तसाच. रात्रभर तो पायासकट झोपला होता. मालक यायला अर्धा तास होता आणि नवा पट्टा त्यांच्या सहीशिवाय मिळायचा नाही. मिस्तरींनी रिव्हेट उडवले, त्याच पट्ट्याला बक्कल लावलं आणि शिंप्याच्या मांडीवरचा लाल वळ तिला दाखवला.

"हा नीट बघून ठेव," ते म्हणाले.

मालकांच्या कानावर काही गेलं नाही. दुपारी मिस्तरींनी डबा बाजूला सारला आणि एका फळीवर चामड्याचे चार तुकडे लावले. एकाला रिव्हेट, म्हणजे फिक्स, बसलं ते कायमचं. एकाला बक्कल, म्हणजे फासन, घट्ट बसायला हवं पण माणसाला हवं तेव्हा सोडता यायला हवं. तिसरा सरसाने चिकटवला, तो स्टिक. चौथा नुसता आकड्याला अडकवला, तो हुक. आणि अटॅच म्हणजे यातलं काहीही, जोडा एवढंच, कसं ते तो शब्द सांगत नाही, म्हणून अटॅच दिसलं की लाज न धरता विचारायचं.

ती फळी बावीस वर्षं बाईच्या टेबलासमोर राहिली. कामाला येणाऱ्या प्रत्येकीला तिने त्या फळीपुढे उभं केलं आणि स्वतःची फजिती मीठमसाला लावून सांगितली. शेवटी एक बढाई ठरलेली, की आमचं चामडं असं दणकट, शिंप्याच्या कात्रीचीही त्यापुढे मात्रा चालली नाही.

बाई निवृत्त झाली त्या दिवशी हाच शिंपी बक्कल बदलायला आला होता. केस पिकलेले, पाय तिसरा. बाईची तीच बढाई ऐकून तो गालात हसला.

"चामडं कापायची कात्री घरात होती, बाई. बायको ती हातात घेऊनच उभी होती."

"मग कापलं का नाही?"

"पट्टा आवळताना तुम्हीच म्हणालात, पहिला महिना आहे, दोन मुली आहेत, नीट बसलाय एवढं सांगा. कापलेला पट्टा आणला असता तर मालकांना दिसलाच असता."

बाईने हातातली पक्कड खाली ठेवली. मिस्तरींचे उपकार ती बावीस वर्षं येईल त्याला सांगत होती. या माणसाला मात्र तिने साधा चहाही कधी विचारला नव्हता.

"माझ्या मुलींनी इतकी वर्षं घास खाल्ला तो तुमच्या त्या एका रात्रीवर," ती म्हणाली आणि डोळे पुसून त्याचं बक्कल बदलायला बसली.