पिठावर न उमटलेलं पाऊल

अकोल्याच्या कापूसबाजारामागच्या गल्लीत मैनाबाई राहते हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. आवाजच तसा होता तिचा. गाडीवानांनी बैलांना शिव्या घालाव्यात आणि मैनाबाईनं गाडीवानांना घालाव्यात, असा रोजचा रिवाज. तोंड फटकळ, हात कष्टाळू, आणि मन आतून इतकं मऊ की ते कुणाला दिसू नये म्हणूनच बहुधा देवानं तिला ते तोंड दिलं असावं.

दिवस मोठे गमतीचे होते. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचं मोल आलं. ज्यांना काल अंगभर कपडा नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांवर आज चांदीच्या शेंब्या चढल्या. मैनाबाईचा धाकटा दीर पुंजाराम त्यातलाच. "बैलाले चांदी अन् बायकोले चिंधी," असं मैनाबाई त्याच्या तोंडावर म्हणायची. नवरा तिचा कधीच गेला होता. ओसरीत एक रेचा होता, म्हणजे कापसातली सरकी काढायचं लाकडी यंत्र. त्याच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला सून शकुन, अशा दोघी दिवसभर दांडा फिरवत बसायच्या.

मुलगा गोवर्धन गाडीवान. रेल्वेचे रूळ तेव्हा अकोल्याला पोचले नव्हते. जिथवर पोचले होते तिथवर कापसाचे बोजे गाडीनं न्यायचे, असा त्याचा धंदा. तिथं गाड्यांच्या तळावर एक उपदेशक यायचे. मूळचे जालन्याकडचे, पण आता उमरावतीला राहणारे. लिंबाखाली बसून ते येशूच्या गोष्टी सांगायचे आणि मागेल त्याला अक्षरं शिकवायचे. गोवर्धन आधी गोष्टी ऐकायला बसला, मग अक्षरं गिरवायला, आणि एके दिवशी बाप्तिस्मा घेऊनच घरी आला. बरोबर कापडात गुंडाळलेलं शुभवर्तमान. पुढं शकुननंही तोच मार्ग धरला.

भावकीनं हुक्कापाणी बंद केलं. पुंजारामानं दोघांना घरातून काढलं. "वहिनी, तुमी ऱ्हा. तुमी नाई बाटल्या," असं तो म्हणाला. मैनाबाईनं आपली तुळस उचलली आणि पोराच्या मागं चालू लागली. जाता जाता म्हणाली, "बाटलं काय अन् फाटलं काय, लेकरू माहंच हाय."

पण धर्म तिनं सोडला नाही. मग गल्लीत जे भाड्याचं घर घेतलं त्यात चुली दोन होत्या. शकुनची इकडं, हिची तिकडं. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा ती प्यायली नाही, आणि सुनेला कुणी वाकडं बोललं तर त्याला गल्लीत उभंही राहू दिलं नाही. माणसाचं असं असतं बघा. त्याला हिशेब लावायला जाऊ नये.

गल्लीत बोलायला एक सुभद्रा तेवढी उरली. तिचा आपला वेगळाच छंद होता. आजूबाजूला कुठंही पोरगी जन्मली की ही पहिली हजर. बाळ मांडीवर घ्यायची, हळूच कान मुडपून कानामागं पाहायची आणि गुपचूप परत द्यायची. पटकीच्या साथीत तिची लेक सिंधू गेली होती. सिंधूच्या कानामागं तीळ होता. तिच्या दहाव्याला पसरलेल्या पिठावर माणसाचं पाऊल उमटलं होतं. म्हणजे पोर पुन्हा माणसाच्या जन्माला येणार, इथंच कुठंतरी येणार, असं सुभद्रा धरून बसली होती. गल्लीतल्या बाया तिला हसायच्या. मैनाबाई हसत नसे.

गोवर्धनला क्षय झाला तो कापसाच्या त्या तेजीतच. आधी खोकला, मग खोकल्यात रक्त, मग गाडी सुटली आणि खाट आली. उन्हाळाभर तो ओसरीत पडून वाचायचा. मैनाबाई रेच्यावर त्याच्याकडे पाठ करून बसायची, जणू आपल्याला ऐकू येतच नाही. एके दिवशी त्यानं वाचलं, येशूला पुरल्यावर बाया भल्या पहाटे कबरीकडे निघाल्या, हातात सुगंधी मसाले घेऊन.

"अन् पुरुष कुठी होते?" रेचा थांबवून मैनाबाईनं विचारलं.

"भिऊन दारं लावून बसले होते, माय."

"बसतीनच. मंग?"

"मंग काय, कबर रिकामी!"

मैनाबाई फिरलीच. "म्हंजे? बिचाऱ्या बाया एवढ्या पहाटे गेल्या अन् हात हालवत परत आल्या? रिकाम्या कबरीचं कसलं आलं रे कौतुक? काई सापडलं असन तर सांग!"

गोवर्धन इतका हसला की त्याला उबळ आली. "माय, सापडलं नाई, हेच तर..." एवढं म्हणाला, आणि पुढचं खोकल्यात गेलं. शकुन पाणी घेऊन धावली. ती गोष्ट तशीच अर्धवट राहिली.

पाऊस पडायच्या आत तो गेला. जाताना घाबरला नाही. आईचा हात धरून म्हणाला, "मी कुठी जातो ते मले ठाऊक हाय, माय. तू भिऊ नको." उमरावतीहून उपदेशक आले, चार ख्रिस्ती माणसं आली, गीत म्हणत त्याला गावाबाहेर नेऊन पुरलं. बायांनी मातीला जायचं नसतं म्हणून मैनाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. शकुन मात्र गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा शांत होता. मैनाबाईला त्या शांतपणाचा रागच आला.

"कुठी गेला माहा पोरगा?" तिनं उपदेशकांना विचारलं.

"देवाजवळ गेला, बाई."

"देवाजवळ म्हंजे कुठी? कोण्या बाजूनं?" ते उत्तर द्यायला लागले, पण तिला ते ऐकवेना. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिला दुसरं काही नको होतं. पोरगा कुठं आहे एवढंच कळायला हवं होतं. पिंड नाही, कावळा नाही, राख नाही. पोर घराबाहेर गेलं आणि कुठल्या रस्त्यानं गेलं हे आईला ठाऊक नाही, याहून वाईट दुसरं काय असतं?

दहावा दिवस जवळ आला तसा पुंजाराम दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "वहिनी, पिंडदान तर होत नाई. पण पीठ पाहता येईन," तो म्हणाला. जिथं प्राण गेला त्या जागी संध्याकाळी पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, वर बांबूचं डालं झाकायचं. सकाळी पिठावर जे पाऊल दिसेल त्या योनीत जीव गेला, असं त्यांच्यात वाडवडिलांपासून पाहत आले होते. "माणसाचं पाऊल निघालं तर देवानं त्याले माफ केलं असं समजू. पंचाइले मी सांगतो. तुमी घरी या, सुनेलेबी आणा. नाई तर मंग तुमचा अन् आमचा रस्ता न्यारा."

बोलला तोऱ्यात, पण पुतण्याला लहानपणी खांद्यावर घेऊन यानंच पोळा दाखवला होता. त्याचा आवाज शेवटी जरा चिरकला.

मैनाबाईनं सुनेकडे पाहिलं. तिला वाटलं, ही आता नाही म्हणणार. "आत्याबाई, मले याची गरज नाई," शकुन म्हणाली. "पण तुमच्या जिवाले चैन नसन, तर पीठ मी दळून देतो." आणि तिनं खरंच जात्यावर बसून ज्वारी दळून दिली, बारीक, चाळून.

संध्याकाळी डालं झाकून झालं तशी सुभद्रा मागच्या दारानं आली. तिनं मैनाबाईला कोपऱ्यात ओढलं. "हे पाय मैना, सकाळी तू एकली पयले उठ. काई नसलंच पिठावर, तर मूठ आवळायची अन् कडेनं अशी टेकवायची. वरतून पाच बोटांनी पाच टिपके. गोकुळाष्टमीले बाळकृष्णाची पावलं काढतो ना आपन? हुबेहूब लेकराचं पाऊल दिसते. कोणाच्या बापाले समजत नाई."

"तुले काय ठाऊक समजत नाई म्हणून?" मैनाबाईनं विचारलं. सुभद्रेनं मान फिरवली. पदर सावरला आणि निघून गेली.

पहाटे मैनाबाई उठली. सुनेला जाग येऊ नये म्हणून भिंतीला धरून धरून गेली. दिवा मिणमिणत होता. तिनं डालं उचललं.

पिठावर काही नव्हतं. माणसाचं नाही, पाखराचं नाही, मुंगीचंसुद्धा नाही. संध्याकाळी पसरलं होतं तसंच साफ होतं.

मैनाबाई पिठाशेजारी बसली. कुठंच नाही गेला माझा पोरगा? मग तिनं मूठ आवळली. थोड्या वेळात माणसं येतील. एक मूठ, पाच टिपके, की घर परत, दीर परत, सणावाराला माणसं परत. मूठ पिठापर्यंत गेली. पण टेकवणार कुणासाठी? पुंजारामाची समजूत पटली असती. तिला स्वतःला तर ठाऊकच असणार होतं की हे पाऊल गोवर्धनचं नाही, आपल्याच हाताचं आहे. पोराच्या नावानं खोटं पाऊल काढायचं आणि जन्मभर ते खरं मानत बसायचं?

मूठ तशीच हवेत राहिली. आणि आपण कशा बसलो आहोत हे तिच्या एकदम ध्यानात आलं. भल्या पहाटे उठून, मेलेल्या माणसाला शोधायला आलेली बाई. पुरुष अजून आपापल्या घरी आहेत. आणि जिथं शोधायला आली तिथं काही नाही.

"माय, सापडलं नाई, हेच तर..."

त्यानं खोकल्यात सोडलेलं वाक्य तिच्या मनात आपोआप पुरं झालं. सापडलं नाही, हीच तर आनंदाची गोष्ट! त्या बायासुद्धा आधी रडल्याच असतील. मग त्यांना कळलं, येशू इथं नाही कारण तो जिता आहे. अन् त्याचा हात धरून गेलेलं माझं लेकरू पाखरात, मुंगीत, मातीत कशाला सापडेल? ते काय भटकतंय का, पाऊल उमटायला? ते घरी पोचलं!

"शकुन!" ती ओरडली, आणि अख्खी गल्ली जागी झाली. "अवं ऊठ, पोरी! रिकामं हाय! तुहा नवरा इथं नाई!"

शकुन धडपडत आली. कोऱ्या पिठाकडे पाहिलं, सासूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सारं उमगलं. इतके दिवस शांत राहिलेली ती पोर तेव्हा सासूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. दोघी रडत होत्या आणि मधेच हसत होत्या.

माणसं आली. पुंजारामानं वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "काईच नाई," तो म्हणाला. "जीव कुठीच नाई गेला, वहिनी. मधातच भटकून राहिला."

"काहून भटकन, भाऊजी? ज्याले रस्ता ठाऊक नाई तो भटकते. माह्या पोराले ठाऊक होता. मलेच नव्हता." मैनाबाई पदर खोचून उभी राहिली. "तो ज्याच्या मागं गेला त्याचीबी जागा अशीच रिकामी सापडली होती. बायांइलेच सापडली होती. मरण त्याले धरून ठेवू नाई शकलं, अन् त्यानं धरलेल्यालेबी नाई शकत. जा, सांगा पंचाइले. गोवर्धन मेला, पण हारला नाई."

पुंजाराम तिच्याकडे पाहत राहिला. तिचा हा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण असला आनंद तिच्या तोंडावर त्यानं कधी पाहिला नव्हता. "मंग घरी नाई येत तुमी?" त्यानं हळू विचारलं.

"माही भेट इथं होईन, भाऊजी. दार उघडं हाय. आत या, असं रोज म्हणत जाईन मी तुमाले." तो आत आला नाही, पण त्या दिवशी वाईटही बोलला नाही. पागोटं नीट करत निघून गेला, आणि माणसं त्याच्या मागं गेली.

असलं पीठ नदीत सोडायची रीत. मैनाबाईनं ते परातीत भरलं. क्षणभर आपल्या चुलीकडे पाहिलं, मग सुनेच्या चुलीपाशी जाऊन बसली. "कर भाकरी," ती म्हणाली. "इतक्या आनंदाचं पीठ पाण्यात कोण टाकते?" आणि सुनेच्या हातची पहिली भाकर, तिखटाच्या गोळ्याबरोबर, तिनं भरल्या डोळ्यांनी खाल्ली.

तेवढ्यात मागच्या दारात सुभद्रा दिसली. सकाळपासून ती तिथंच उभी असावी. "मैना," ती म्हणाली. "माह्या सिंधूचं पीठबी रिकामंच होतं वो. ते पाऊल... ते मीच काढलं होतं. या हातानं. मले भेव वाटलं होतं."

मैनाबाई उठली. तिनं सुभद्रेची ती मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं. "गोवर्धन वाचून दाखवे," ती म्हणाली. "लेकरं जवळ यायले लागली तर मोठी माणसं हाकलून राहिली होती. येशू त्याइच्यावरच रागावला. लेकरांइले जवळ घेतलं त्यानं, मांडीवर. रिकाम्याले भेऊ नको, सुभद्रा. तुहं लेकरू त्याच्यापाशी हाय." उघडलेल्या हातावर तिनं भाकरीचा तुकडा ठेवला. सुभद्रा जातीपातीचं सगळं विसरून उंबऱ्यातच बसली आणि खाऊ लागली.

दुपारी रेचा पुन्हा सुरू झाला. येशूची गोष्ट निघाली की मैनाबाई आता पाठ करून बसत नव्हती. पुढं उपदेशक आले तेव्हा तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि तोंड होतं तसंच फटकळ ठेवलं.

पेरण्या आटोपल्यावर गल्लीत एका घरी पोरगी झाली. नेहमीसारखी सुभद्रा पहिली हजर. तिनं बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या इवल्याशा मुठीत आपलं बोट दिलं, तोंडभर हसली. कानामागं मात्र तिनं पाहिलंच नाही.