कानसेन आणि नर्सबाईंची कॅसेट

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुक जास्त होतं. मशीन उघडण्याआधी नुसतं ऐकूनच तो सांगायचा, "पट्टा सैल झालाय," किंवा "मोटरला तेल हवंय." चाळीस वर्षं त्याने गाणी ऐकली ती अशी, खोट शोधायला. गाणं कुठलं होतं हे विचारलंत, तर त्याला सांगता यायचं नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या कानात बारीक गुणगुण सुरू झाली. त्याने ती कुणाच्या कानावर घातली नाही. कान गेला तर मग दुकानात बसून काय करायचं, नुसते स्क्रू पिळायचे?

अशात समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आपला टेप डेक ठेवून गेल्या. कॅसेट अडकत होती. ते काम अर्ध्या तासाचं. मग तपासायला त्याने त्यांचीच कॅसेट लावली. बाईंनी ती याच मशीनवर भरली होती आणि वर शाईने लिहिलं होतं, "लाइव्ह, दोन भाग." संथ व्हायोलिन सुरू झालं, शेतात कुणी एकटंच गुणगुणावं तसं. चार मिनिटांनी त्याखालून ड्रम घुसले, पाय थिरकवणारे. मग ट्रम्पेट. मध्येच टाळ्या, कुणाचं तरी खळखळून हसणं, आणि गाणं संपायचं नाव घेईना.

त्याने निदान केलं: कॅसेटवर तीन-चार वेळा भरलंय आणि जुनं पुसणारं हेड कामातून गेलंय, म्हणून सगळ्याची खिचडी झाली. त्याने हेड तपासलं, ते स्वच्छच होतं. एका कॅसेटवर आपला आवाज भरला, त्यावरच पुन्हा भरला. पहिला आवाज लख्ख पुसला गेला. तरी त्याने हेड बदलून पाहिलं. नवं तसंच, जुनंही तसंच. मशीन ठणठणीत होतं.

मग बिघाड कुठे? उरला एकच, त्याचा कान. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या खोलीत शिवण शिवत बसलेल्या बायकोला हाक मारली.

"अगं, जरा ऐक आणि सांग, किती गाणी वाजतायत?"

"मला विचारताय? सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं." तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि कान दिला. "एकच आहे की."

"नीट ऐक. ते ड्रम दुसरीकडचे आहेत."

"अहो, दुसरीकडचे कसे? हा व्हायोलिनवाला गप्प झाला की तो बोलतो. बघा, आता हा थांबला... आता तो! तुम्ही आणि वन्सं जेवताना बोलता ना, तसं. एकाने वाक्य सोडायचं, दुसऱ्याने उचलायचं."

त्याने कॅसेट मागे नेली. खरंच, व्हायोलिनने सोडलेलं वळण ट्रम्पेटने उचललं, मुद्दाम जरा वाकडं वाजवलं, आणि लोक हसले ते त्यालाच. वेगवेगळ्या वेळी भरलेली गाणी एकमेकांची अशी टर उडवू शकत नाहीत!

"डोळ्यांत काय गेलं हो?"

"तारेला डाग देताना धूर गेला."

"सकाळपासून डाग दिलाच नाहीत तुम्ही."

मग त्याने कानाचं सांगितलं. ती आधी रागावली, मग हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. निघाला मळ. कान धुतला तो नर्सबाईंनीच.

"काका, आता माझी कॅसेट द्या."

"आणखी एक दिवस ठेवू का? दुसरा भाग राहिलाय." मग दबकत त्याने विचारलं, "कोण आहेत हे लोक?"

"पाच जण आहेत, पाच तऱ्हांच्या संगीतातले. पुढे काय वाजवायचं ते स्टेजवरच ठरवतात. एकच गाणं दर वेळी वेगळं होतं. ठेवा हो काका, हवे तितके दिवस."

त्याला बाईंचे आभार मानायचे होते. बायकोचेही, आणि त्या पाच अनोळखी माणसांचेही. पण नुसती मान हलवून तो दुकानात आला.

डेक त्याने टेबलावर लावला, पण आपल्या खुर्चीत बसला नाही. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, बायकोला शेजारी बसवलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता दुसरा भाग लावला.