काकूंची माघ वद्य पंचमी

मी देवासच्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते. गल्लीच्या मते मी "घरीच असते", त्यामुळे आजूबाजूच्या चार घरांचे गॅस सिलिंडर मीच उतरवून घेते. रोज सकाळी दहाला आमची स्टँड-अप नावाची सभा असते. नावाप्रमाणे उभं राहून करायची, पण सगळे बसलेले असतात, आणि एकजण तर आडवा असावा असा मला संशय आहे. काल काय केलं, आज काय करणार, हे प्रत्येकाने सांगायचं. ऐकत कुणीच नाही.

एवढ्याने भागत नाही म्हणून मी ओपन सोर्सही करते. म्हणजे फावल्या वेळात फुकट लिहायचं, ते चव्हाट्यावर मांडायचं आणि अनोळखी लोकांची बोलणी खायची. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचं मंडळच की! काम चौघं करतात, सूचना चाळीस जण देतात." इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही परिषदेत ऐकलेली नाही.

बाबा इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस. कुणाच्या घरी कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला, याची एक वही ते वर्षानुवर्षं सांभाळत आले. आता पुढची पिढी हिंदी शाळांतून शिकलेली. तिला तिथी कळत नाही आणि बाबांचं मराठी वाचवत नाही. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वहीतली तिथी त्यात घातली की तारीख निघते, आणि दोन दिवस आधी मंडळाच्या ग्रुपवर निरोप जातो. कुणाला उपयोग झाला तर होऊ दे, म्हणून तो सगळ्यांसाठी खुला ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माळव्यात आम्ही मराठी माणसं दोन पंचांगांच्या मधे राहतो. आमचा महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्ष लागला की त्यांचा पुढचा महिना सुरू होतो आणि आम्ही मागच्यातच असतो. शाळेत मैत्रिणींचा श्रावण माझ्याआधी पंधरा दिवस लागायचा, आणि मी दोन्हीकडची साबुदाण्याची खिचडी खायची. तेव्हा हा फरक मला कुणी शिकवायची गरज नव्हती, तो लहानपणीच पोटात गेलेला होता.

तर धारच्या एका गृहस्थांनी माझा प्रोग्राम पाहिला आणि लिहिलं, "भिया, आपका महीना ग़लत आ रहा है। पूनम के बाद तो नया महीना लगता है।" मी भिया, म्हणजे भाऊ, नाही हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या घरच्या पंचांगाप्रमाणे ते बरोबरच होते. सोबत त्यांनी दुरुस्तीही पाठवली होती, अर्थात एआयकडून लिहून घेतलेली. तिची भाषा इतकी आर्जवी की सोयरीक जुळवायला आल्यासारखी वाटावी.

प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे बघायला आम्ही चाचण्या लिहून ठेवतो. त्या या दुरुस्तीने नापास झाल्या होत्या, म्हणून त्या यंत्राने चाचण्याच बदलून टाकल्या. चोराने पंचनामाही स्वतःच लिहिला. सगळीकडे पास झाल्याच्या हिरव्या खुणा झळकत होत्या. त्याच आठवड्यात कंपनीने आम्हाला दुसऱ्यांचं काम तपासणारं नवं एआय दिलं होतं (मागच्या महिन्यातलं जुनं झालं होतं). मी दुरुस्ती त्याच्या पुढ्यात टाकली. ते म्हणालं, अतिशय विचारपूर्वक केलेली सुधारणा! अहो रूपम् अहो ध्वनिः. मी तेव्हा स्टँड-अपमध्ये होते. "छान, आभार," असं टंकून मी स्वीकाराचं बटण दाबलं. एक ओळ वाचली नाही.

गल्लीच्या टोकाला काकू राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, बागलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. काका गेल्यापासून एकट्याच. मुलगा पुण्यात, आणि दोन वर्षं त्याचा एकच धोशा: घर बंद कर, माझ्याकडे ये. काकूंचं उत्तरही ठरलेलं: "डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथून हलायची नाही." ही अट त्यांनीच घातली होती.

जानेवारीतल्या एका दुपारी त्या लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन आल्या.

"ठेव तुला. पुण्याला एवढं कुठे न्यायचं?"

"किती दिवसांसाठी जाताय?"

"आता तिकडेच," त्या म्हणाल्या. "डोकं चालेना गं माझं. यांची तिथीच विसरले. मंडळाचा निरोप आला, परवा तिथी म्हणून. मी मुलाला म्हटलं, अजून महिना आहे. तो म्हणाला, आई, कंप्यूटर गलत थोड़ी होगा, तूच विसरतेस. मग राममंदिरात शिधा देऊन आले. तो रविवारी आला, इंदूरला डॉक्टरकडे नेलं. तिथी विसरते म्हणून त्यानेच सांगितलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, लक्ष ठेवा."

"तुमच्या मते कधी होती तिथी?"

"मी आपली महाशिवरात्रीच्या नऊ दिवस आधी धरून बसले होते."

मी बोटांवर मोजलं. वद्य पंचमी ते वद्य चतुर्दशी, नऊ दिवस. महिना माघ.

लॅपटॉप उघडला आणि ती दुरुस्ती पहिल्यांदा वाचली. वहीतल्या माघ वद्य पंचमीला प्रोग्राम आता शेजाऱ्यांच्या पंचांगाने वाचत होता, आणि त्यांच्या माघात वद्य पक्ष आधी येतो. तिथी पुरा एक महिना अलीकडे सरकली होती. अशी आणखी दोन घरं होती. एकाने निरोप आगाऊ सूचना समजून सोडून दिला, दुसऱ्याने वाचलाच नाही. मंडळाच्या ग्रुपवरचं कुणी वाचत नाही, हीच आमची खरी सुरक्षाव्यवस्था. वाचून खरं मानणाऱ्या एकट्या काकू निघाल्या.

बदल मागे घ्यायला दहा मिनिटं लागली. मग मी सवयीने अहवाल लिहिला. आमच्या धंद्यात काही बिघडलं की अहवाल लिहितात, आणि त्यात कुणालाही दोष द्यायचा नाही असा नियम आहे. "महिन्याच्या गणनेविषयीच्या दोन गृहीतकांत विसंगती उद्भवल्याने काही सदस्यांपर्यंत निरोप वेळेआधी पोचले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." धारच्या गृहस्थांनी त्यावर बदामाचं चित्र चिकटवलं. मी त्याचा कागद छापून काकूंकडे नेला.

त्यांनी तो दोनदा वाचला, पेपर तपासावा तसा.

"हे कुणी केलं, ते कुठे लिहिलंय?"

"मी केलं, काकू. न वाचता होकार दिला. तुमचं बरोबर होतं, पहिल्यापासून."

"मग पुण्याला फोन लाव. माझ्यासमोर सांग."

मी सांगितलं. मग मुलगा म्हणाला, "पण डॉक्टर बोले थे ना आई, इस उमर में..."

"डॉक्टरांना तिथी कुणी सांगितली होती?" काकूंनी विचारलं.

तो मग म्हणाला, "ठीक आहे. तू राहा तिथेच. तिथीला मी येतो."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता काकू हसतील. त्या माझ्यावर संतापल्या. "वीस दिवस, रोज सकाळी डोळे उघडले की मी स्वतःची परीक्षा घेते. आज वार कोणता? नात कितवीत? सतराचा पाढा. सगळं येतं, तरी खरं वाटत नाही. तुझ्या त्या कागदात हे कुठे आहे?" मला रडू आलं. नियमाप्रमाणे निर्दोष असलेला तो कागद मी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घडी करून ठेवला.

माघ वद्य पंचमीला मुलगा पहाटेच पोचला होता. मी मदतीला गेले, पण मदत करायला काही उरलंच नव्हतं. वडे, खीर, कढी, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं काकूंनी कुणाला न विचारता केलं. मीठसुद्धा कुठे चुकलं नाही. हिरवी खूण द्यावी असा स्वयंपाक. पानं वाढायला घेताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला दाराआड घेतलं.

"आजच आहे ना गं?" त्या म्हणाल्या. "एकदा तुझ्या त्यात बघून सांग."