वरातीचे गुडघे

अमरावतीच्या देवीदासनं उभी हयात वरातीत क्लॅरिनेट वाजवलं आणि उभी हयात त्याला वरातीची किळस आली. नवरदेवाचा कुणी झिंगलेला मामा दातांत नोट धरून नाचत पुढ्यात यायचा. मग वाजवणाऱ्यानं वाजवता वाजवता गुडघ्यावर बसायचं, एका हातानं ती थुंकीनं ओली झालेली नोट काढायची, कपाळाला लावायची आणि मामाची फर्माईश वाजवायची. ही म्हणे रीत! घरी आल्यावर देवीदास आधी साबणानं हात घासायचा, मगच ताटाला शिवायचा. बायको, सुभद्रा, एकदाच त्याची वरात बघायला रस्त्यावर उभी राहिली होती. त्याला असं बसलेलं पाहून ती जी माघारी फिरली, ती पुन्हा कधी वरात बघायला आली नाही.

म्हणून त्यानं चौघांचा वेगळा संच जमवला. बँडमधला ढोलवाला शेखर ड्रमवर, किशोर अकॉर्डियनवर, नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत कामाला असलेला नितेश बेस गिटारवर. इटली-फ्रान्सच्या जुन्या सिनेमांतल्या सुरावटी ते मोबाईलवर ऐकायचे आणि जॅझच्या ढंगानं वाजवायचे. म्हणजे धून आधी नीट मांडायची, मग ज्यानं त्यानं तिला मनासारखं फिरवून घरी आणायचं. त्या संथ, उदास धुना ऐकून शेजारी विचारायचे, कोण गेलं म्हणून.

अकोल्याच्या एका संगीत मंडळानं बोलावलं तेव्हा तो सुभद्राला म्हणाला, "तू चाल. या टायमाले मी उभ्यानं वाजवीन. कोनाची फर्माईश नाई."

सभागृहात आधी हारतुरे झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. नुसता वीट आला. मग एकदाची इटलीची ती संथ धून सुरू झाली. शेखर काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशनं ड्रम हळुवार घासत होता. देवीदासनं धून मांडली, सोडली आणि एकटाच वर चढत गेला. पहिल्या रांगेत सुभद्रा मान वर करून बघत होती.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा मेहुणा मंचावर चढला. त्याला वाटलं, गडी चाल विसरला, जरा हुरूप द्यावा. त्यानं दातांत नोट धरली आणि कंबर हलवली.

देवीदासला खरोखर नाही म्हणायचं होतं. पण गुडघे त्याला विचारायला थांबले नाहीत. तो खाली बसला, नोट काढली, कपाळाला लावली. शेखरनंही ब्रश टाकून वरातीचा ठेका धरला. सभागृह पहिल्यांदा जागं झालं, शिट्ट्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर सुभद्रा मंचामागे आली. तो बोटं पँटला पुसत होता.

"धून चांगली होती," ती म्हणाली. "अर्ध्यात काहून सोडली?"

"तो मधातच आला ना."

"तो तं आला. तुमी काहून बसले?"

देवीदास नळाकडे गेला. त्यानं साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. वरातीतल्या माणसांची किळस अशी धुऊन जायची; ही जाईना. मग तिथंच वाकून तो पँटचे गुडघे धुवायला लागला.