मास्तरांच्या बैलांचे कान

मास्तर गेल्याची बातमी माझ्या धाकट्या भावानं आणली. तो वडगावला कचेरीच्या कामाला गेला होता. परतताना कामशेतला न उतरता तसाच पुढं लोणावळ्याला आला आणि माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. मी वर्गावर होते. बिगारीची, पहिलीच्याही आधीच्या वर्गाची, पोरं भिजवलेल्या वालांची सालं काढून आत कोंब कुठं दडलाय ते शोधत होती आणि मी नेहमीप्रमाणे मोठमोठ्यानं बोलत होते. भाऊ एवढंच म्हणाला, "अक्का, मास्तर गेले." दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत म्हणे. काय करावं ते सुचेना, म्हणून मी खाली बसून एका वालाचं साल काढू लागले... शेजारची पोरगी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमी का गप बसलाय?" मी गप्प बसणं ही आमच्या शाळेत बातमीच असते.

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आमचे यजमान छत्री घेऊन फिरायला निघतात, बाहेर कडकडीत ऊन असलं तरी. त्यांना मी कितीदा सांगितलंय की लहानपणी मी मुकी होते, पण ते काही विश्वास ठेवत नाहीत. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं माझं नाव ठेवलं धोंडी. मीही नावाला जागले. घरात थोडंफार बोलायची, पण परक्या माणसासमोर शब्द काही बाहेर पडायचा नाही. आमच्या वडिवळ्याची शाळा तेव्हा देवळाच्या ओसरीवर भरायची. पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. बिगारीला नवे मास्तर आले, पुण्याच्या शिंप्याच्या घरातले. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी आणि कोटाच्या खिशात चिंचोके. पोरं गोंधळ करायला लागली की ते छडी उचलायचे नाहीत, खिशातले चिंचोके खुळखुळवायचे.

मास्तरांचा एकच शब्द सगळ्या गावाला पाठ झाला होता. पोर काहीही बोललं की ते मान तिरपी करून विचारायचे, "कशावरून?" पाऊस पडणार. कशावरून? मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात. मग चला, बघू या! की निघाली वरात पाट्या तिथंच टाकून. गावातली माणसं हसायची, "आलं कशावरून मास्तर." सण आला की त्यांना भारीच उत्साह. नुसती सुट्टी देऊन मोकळं होणं त्यांना जमायचंच नाही. संक्रांतीला वाटीभर तीळ आणि वाटीभर हलवा तागडीत घालून जड काय ते आम्हीच ठरवायचं. आमच्या वर्गात मुलाण्याचा इस्माईल होता. रमजानचा चंद्र दिसल्यापासून मास्तरांनी ओसरीच्या भिंतीवर कोळशानं रोजचा चंद्र काढायला लावला. कोणत्या अंगानं फुगतो आणि कोणत्या अंगानं झिजतो, ते रोज बघून काढायचं. रात्री निजून गेलेली पोरं सकाळी आयांना विचारायची, काल चंद्र कसा होता गं? ईदेला इस्माईलच्या आईनं अख्ख्या वर्गाला शीरखुर्मा पाजला, तेव्हा भिंतीवर चंद्रांची ओळ पुरी झाली होती. पुजाऱ्यानं ती पुसायची म्हणून फडका भिजवला, पण मोजता मोजता तोच नादावला आणि ओळ दिवाळीपर्यंत राहिली.

या सगळ्यात मी होते, पण अगदी मुकाट्यानं. मास्तरांनी कधी मला उभं करून "बोल" म्हटलं नाही. माझ्याजवळ येऊन बसायचे, चिंचोके मांडायचे आणि निघून जायचे. पण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धीर सुटत चालला होता. एक दिवस ते शाळेत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, ही पोर हितं बी बोलंना. शिकून काय करायची? पोळ्यापत्तूर बघतो. मंग शेरडांमागं जाईल, शेरडांना काय बोलायला लागत न्हाई." मास्तर म्हणाले, "ऐकते ती, आबा." आबा म्हणाले, "कशावरून?" आणि सगळी ओसरी हसली. मास्तरही हसले, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला शाळा हवी होती हो! चंद्र हवे होते, चिंचोके हवे होते. रात्री गोधडीत तोंड खुपसून मी "हजर" म्हणायचा सराव करायची आणि सकाळी हजेरीला माझं नाव आलं की पुन्हा दातखीळ बसायची.

आमच्या मावळात पोळा भाद्रपदात असतो, भाताची लावणी-बेणणी उरकून बैल मोकळे झाले की. पोळ्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला येताना आपापल्या शेतातली माती आणायला सांगितली होती. कुणाची चिकण, कुणाची रेताड, कुणी ओढ्याची, तर एकानं वारूळच फोडून आणलं. कोणत्या मातीचा बैल तडकत नाही ते बघायचं होतं. बैल कसा करायचा ते दाखवायला मास्तरांनी आधी स्वतः एक केला. वशिंड झालं, शिंगं झाली, शेपूट झालं. मग त्यांनी दोन कान केले आणि बसवले शिंगांच्या पुढं, कपाळावर, कुत्र्यासारखे उभे. पोरं भराभर तसेच कान लावायला लागली. मी आमच्या बैलांच्या तोंडापुढं वैरण टाकत मोठी झालेली. मला ते कान बघवेनात. अंगावर काहीतरी चुकीचं घातल्यासारखं झालं... आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "कान तितं न्हाईत."

पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. मास्तरांचा मातीचा हात तसाच राहिला. ते हळूच म्हणाले, "कशावरून?"

"म्या बघितलंय. शिंगाच्या मागं असत्यात, खाली. लय खाली."

"चला, बघू या," मास्तर म्हणाले आणि निघाली वरात थेट आमच्या गोठ्याकडं. आबा पवळ्या बैलाच्या शिंगांना लाल हिंगूळ लावत बसले होते. एवढी पोरं बघून दचकले. मास्तर पवळ्यासमोर उकिडवे बसले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, कानाला हात लावला. पवळ्यानं कान झटकून त्यांची टोपी पाडली. टोपी उचलत ते म्हणाले, "आबा, तुमच्या मुलीनं माझी चूक काढली." आबांच्या हातातला हिंगूळ धोतरावर सांडला. "बोलली? शाळंत?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बैलच शिकायचा व्हता तर घरी काय वाईट व्हतं गं?" म्हणाले खरं, पण डोळे पुसायला त्यांनी पवळ्याची झूल घेतली. शेरडांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढं मी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाले, पुण्याला ट्रेनिंग केलं आणि बिगारीचा वर्गच मागून घेतला. मास्तर निवृत्त होऊन वडगावला राहायला गेले होते. मी वर्षातून दोन-तीनदा जायची. ओसरीवर बसून ते सुपारी कातरायचे आणि मी बोलत राहायची. दर वेळी निघताना विचारायची, "मास्तर, खरं सांगा. ते कान तुम्ही मुद्दाम चुकवलेत ना? मी बोलावं म्हणून?" ते अडकित्ता थांबवायचे, मान तिरपी करायचे. "कशावरून?" आणि हसत सुटायचे... मला काय, उत्तर मिळाल्यासारखंच वाटायचं. केवढा माणूस, एका पोरीसाठी भर वर्गात खोटं खोटं चुकला! तीच युक्ती मीही उचलली. दर पोळ्याला मी मुद्दाम चुकीचे कान लावते आणि कोण टोकतंय याची वाट बघत बसते.

तेराव्यानंतर भेटायला गेले. मास्तरीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. फार रडल्या नाहीत. "सुखानं गेले गं. उशाशी अडकित्ता होता," एवढंच म्हणाल्या. त्यांना चहा करून द्यावा म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. देवांशेजारच्या कोनाड्यात मातीच्या बैलांची जोडी होती, जुनी, तडकलेली. कान शिंगांच्या पुढं, कपाळावर, कुत्र्यासारखे उभे.

"ही जोडी कधीची?" मी तिथूनच विचारलं.

"तुझ्याच पोळ्याची. आमच्या घरच्या पूजेसाठी तू बोललीस त्याच्या आदल्या रात्री त्यांनी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ते हसतच. म्हणाले, अगं, आज एका पोरीनं मला बैल शिकवला. जोडीचं विसर्जन काही करू दिलं नाही."

"म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं? कशावरून?" सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"अगं धोंडे, घरात कुणाला फसवायचं होतं त्यांना? आम्ही पुण्याची माणसं. बैल रोज रस्त्यात दिसायचा, पण बघितला होता कुणी?" त्या हसल्या. "तू मुद्दाम, मुद्दाम म्हणायचीस ना, त्यांना मोठी गंमत वाटायची. मी म्हणायची, सांगून टाका तिला. तर म्हणायचे, शोधू दे."

मी चहाचं आधण ठेवून तिथंच बसले. पाणी उकळून आटलं, तेव्हा दुसरं ओतलं. इतकी वर्षं वाटत होतं की मास्तरांनी ते बोलणं माझ्या पदरात टाकलं होतं. पण मी खरंच बरोबर होते! सहा वर्षांच्या पोरीचं ऐकून ते खरोखरच बैल बघायला निघाले होते... आपली टोपी पवळ्याच्या पायांशी पडली तरी बघत राहिले होते.

निघताना मास्तरीणबाईंनी जोडी माझ्या पदरात बांधून दिली. आता ती माझ्या वर्गाच्या खिडकीत असते. परवा एक चिमुरडी तिथं टाचा उंचावून बराच वेळ बघत होती. मग माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, ह्यांचं कान चुकल्यात."

"व्हय गं," मी म्हटलं. "आमच्या मास्तरांना म्हाईत नव्हतं. मग त्यांना एका पोरीनं शिकवलं."